लगोरीचा गुंता

लगोरीचा गुंता सतरा निघाला. केतकी पावसकरने चष्मा काढला, डोळे चोळले, चष्मा घालून पुन्हा पाहिलं. आकडा जिथल्या तिथे होता. पास व्हायला चाळीस लागत होते, आणि सतरा म्हणजे लंगडीच्या जरासं वर आणि विटीदांडूच्या बरंच खाली. तिने संगणकाचं झाकण लावलं आणि चहा टाकायला उठली. दिवसातला हा कितवा चहा, ते मोजणं तिने केव्हाच सोडलं होतं.

हे सगळं आलं उन्हापायी. उन्हाळे असे काही भडकले होते की मार्चपासूनच पोरांना उघड्या मैदानावर सोडायची सोय राहिली नव्हती. मैदानांवर छतं घालायचं ठरलं, पण ती सगळ्यांना पुरणार नव्हती. शिवाय दिवसा उदंड तयार होणारी सौरवीज रात्रीसाठी साठवायला गावोगाव बॅटरीघरं हवी होती आणि त्यांनाही जागा लागणार होती. म्हणजे काही मैदानांना छत मिळणार आणि उरलेल्यांवर बॅटरीघर बसणार. कुठल्या मैदानाच्या नशिबी काय, हे माणसांनी ठरवायचं म्हटलं असतं तर डोकी फुटली असती. म्हणून नव्या क्रीडांगण मंडळाने तोडगा काढला. ज्या मैदानावरचे खेळ मुलांच्या डोक्याला खरोखर चालना देतात, ते राखायचं. आणि कुठला खेळ किती चालना देतो ते यंत्राने सांगायचं. यंत्राला मेहुणा नसतो की मतदारसंघ नसतो, असं मंडळाचे लोक कौतुकाने म्हणत.

ते यंत्र केतकीनेच घडवलेलं होतं. त्यामुळे तक्रार करायची तर तिला आरशासमोर उभं राहून करावी लागली असती.

तिची युक्ती तशी सोपी होती. संगणकात एक खोटं मैदान आखायचं आणि त्यात खोटे खेळाडू सोडायचे. मंडळाच्या कागदांत त्यांना भारदस्त नाव होतं, केतकी त्यांना बाहुले म्हणायची. बाहुल्यांना फक्त नियम ठाऊक, डावपेच शून्य. सुरुवातीला ते नुसतेच एकमेकांवर आपटत फिरतात. मग हरता हरता शिकतात. एक दिवस सोडून दिलं की माणसाचं पोर जन्मभर खेळून होणार नाहीत इतके डाव ते खेळून टाकतात. आता मोजायचं ते असं: आजचे बाहुले कालच्या बाहुल्यांना हरवतात का? हरवत असतील तर खेळात अजून शिकण्यासारखं काही आहे, म्हणजे एक पायरी आहे. उद्याचे आजच्यांना हरवतात का? मग आणखी एक पायरी. फुल्लीगोळ्यात दोन-तीन पायऱ्यांत जिना संपतो, पुढे सगळे डाव बरोबरीत. बुद्धिबळात तो संपता संपत नाही.

सांघिक खेळात याशिवाय आणखी एक गोष्ट मोजावी लागते. संघातला एक बाहुला काढायचा आणि त्याच्याइतकाच तरबेज, पण परका बाहुला तिथे घालायचा. संघाला काही फरक पडला नाही, तर तो संघ नव्हताच, नुसती गर्दी होती. संघ ढेपाळला, तर समजायचं की भिडूंमध्ये न बोलता काहीतरी चाललेलं होतं. पायऱ्या आणि ही न बोललेली समजूत मिळून जो आकडा येई, त्याला मंडळ गुंतागुंत निर्देशांक म्हणायचं. लोकांनी त्याचा नुसता गुंता केला. "तुमच्या खो-खोचा गुंता किती आला हो?" असं लोक लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारू लागले होते.

या आठवड्यात पाळी आली होती कराडच्या चुनाभट्टीच्या मैदानाची. केतकीच्या घरापासून दोन गल्ल्यांवरचं, नदीच्या अंगाला असलेलं. जुन्या भट्टीच्या भिंतीचे चपटे दगड तिथे हवे तितके मिळत, म्हणून त्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या लगोरी चालत आलेली. सात दगडांची उतरंड, दोन संघ, एक चेंडू. एकाने चेंडू मारून उतरंड पाडायची, त्याच्या संघाने ती पुन्हा रचायची आणि दुसऱ्या संघाने रचणाऱ्यांना चेंडू मारून बाद करायचं. सातवा दगड चढला की "लगोरी!" म्हणून ओरडायचं, संपलं.

आणि त्या मैदानावर रोज संध्याकाळी शिरू खेळत असे.

शिरू म्हणजे केतकीचा धाकटा भाऊ श्रीनिवास. वय पन्नाशीला टेकलेलं, डोक्यावर विरळ पांढरे केस, आणि समज सहा-सात वर्षांच्या पोराची. जन्माच्या वेळी काहीतरी बिनसलं आणि ते तसंच राहिलं. नेम मात्र त्याचा पक्का. एका दगडात कैरी पाडावी तर शिरूने, आणि तीही मागाल ती. आई होती तोवर तो आईकडे होता. आई गेली तेव्हा केतकी पुण्याहून महिन्याभरासाठी म्हणून आली आणि राहिली. नवरा सुरुवातीला दर शनिवारी यायचा. मग दर शनिवारी फोन करायचा. आता दिवाळीला निरोप येतो. केतकीला त्याचा राग येत नाही, कारण रागवायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते.

दिवे लागायच्या सुमाराला शिरू घरी आला. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले.

"ताई, मी आज लगोरी लावली."

"वा! पाय धुऊन ये आधी."

"शेवटचा दगड मीच लावला. मनवा म्हणाली, शिरूमामा, तूच लाव."

"छान केलंस. पाय."

तो न्हाणीकडे गेला आणि तिथून मोठ्याने गाणं म्हणू लागला. संध्याकाळच्या या दोन तासांच्या जोरावर शिरूचा अख्खा दिवस उभा होता, हे केतकीला माहीत होतं. मध्ये मैदान आठवडाभर बंद होतं, तेव्हा त्याने जेवण सोडलं होतं आणि दाराच्या कडीला लटकून बसला होता. मैदान गेलं तर त्याचं काय करायचं? आणि मैदान घालवणारा आकडा तिच्याच संगणकात बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे रणदिवे पडद्यावर आले. रणदिवे सदा प्रसन्न असत. अशा माणसांशी बोलून केतकी जास्तच दमायची.

"ताई, सतरा? चुनाभट्टी म्हणजे तुमच्याच गावचं ना? अरेरे! पण आता तुमचं गाव म्हणून सवलत द्यायची तर..."

"मागितली का मी?"

"नाही नाही, तुम्ही कशाला मागाल! मी म्हणतो, अजून एकदा चालवून बघा. एखादा नियम-बियम राहून गेला असेल. या गल्लीतल्या खेळांचं काही सांगता येत नाही, दर दहा पावलांवर नियम बदलतो. शुक्रवारपर्यंत थांबतो मी."

तिने मैदानावरच्या खांबांवरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण उघडलं. बाहुल्यांचा वेग, फेकीची ताकद, नेम, हे सगळं खऱ्या मुलांवरून ठरवलेलं असे. यंत्र त्या चित्रणातून माणसं उचलून त्यांचे ठिपके करत असे: एक संघ निळा, एक तांबडा. केतकीने ठिपक्यांत शिरूला शोधलं. सगळ्यांत मंद ठिपका तोच असणार होता. तो सापडला नाही.

मग तिने मूळ चित्रण लावलं. शिरू तर तिथे होता! पांढरा सदरा, हात पसरून धावतोय, तोंड उघडं. पुन्हा ठिपके लावले. शिरू गायब.

कारण सापडायला वेळ लागला नाही. यंत्राला गाळणी लावलेली होती. मैदानावर भलतेच जीव घुसतात आणि मोजणी बिघडवतात. कुत्री येतात, भेळवाला येतो, पोराला हाक मारत एखादी आई थेट उतरंडीपर्यंत येते. तेव्हा जो मैदानावर असूनही कधीच बाद होत नाही, तो खेळाडू नव्हे, त्याला वगळावं. हा नियम पुण्याच्या कचेरीत बसून केतकीने स्वतः लिहिला होता आणि वर त्याबद्दल शाबासकीही मिळवली होती.

शिरू कच्चा लिंबू होता. त्याला चेंडू लागला तरी तो बाद होत नसे. मराठी मुलखात जन्मलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. लहान भावंड मागे लागतं, आई बजावते की त्याला घेणार असशील तरच खेळायला जा, मग पोरं त्याला कच्चा लिंबू म्हणून घेतात. तो खेळतोही आणि खेळत नाहीही. सहा-सात वर्षांचा झाला की पोरगा आपोआप खरा भिडू होतो. शिरू तेवढा झालाच नाही. केतकीचं सगळं लहानपण त्याचं बोट धरून "हा कच्चा लिंबू हं!" असं ओरडण्यात गेलं होतं. आणि तीच बाई खेळाची व्याख्या लिहायला बसली तेव्हा त्याला कुत्र्या-भेळवाल्यांबरोबर गाळून मोकळी झाली होती. तिला स्वतःची लाज वाटली. पण लाजेलाही सवड हवी. तिने गाळणी काढली आणि चित्रण पुन्हा लावलं.

तेव्हा तिला दुसरी गोष्ट दिसली. पोरांचा नेम वाईट आहे, असं यंत्राने नोंदवलं होतं. गुंता खाली यायचं ते एक कारण होतं. आता शिरू जागेवर आल्यावर तिने चुकलेल्या फेकी एकावर एक ठेवून पाहिल्या. एरवी पोरांच्या चुका इकडेतिकडे उधळलेल्या होत्या, खऱ्या चुका असतात तशा. पण शिरूवर फेकलेले चेंडू सगळेच्या सगळे त्याच्या खांद्यापासून वीतभर लांबून गेले होते. त्याहून जवळून एकही नाही, त्याहून फार लांबूनही नाही. इतकं नेमकं चुकायला नेम फार चांगला लागतो.

संध्याकाळी ती स्वतः मैदानावर गेली आणि वडाच्या पारावर बसली. पोरं ओळखीची होती. त्यांची पुढारी मनवा, भाजीवाल्या शेवंताबाईंची नात, बारा वर्षांची, आवाज तमाशातल्या ढोलकीसारखा खणखणीत. सहा दगड चढले तसे तिच्या विरुद्ध संघातले सगळे भिडू बाजूला झाले आणि शिरू सातवा दगड छातीशी धरून डुलत डुलत आला. चेंडू मनवाच्या हातात होता. तिने डोळा बारीक केला, हात मागे नेला आणि सणकून फेकला. चेंडू शिरूच्या खांद्याजवळून सुसाट गेला.

शिरू थबकला. "मुद्दाम चुकवलंस!"

"न्हाई ओ मामा. वारं होतं."

शिरूने वर वडाकडे पाहिलं. एक पान हलत नव्हतं.

"असेल," तो म्हणाला, दगड ठेवला आणि "लगोरी!" म्हणून इतक्या जोराने ओरडला की वडावरचे पक्षी उडाले.

केतकी घरी आली ती जरा ताजीतवानी होऊन. आता हे सगळं बाहुल्यांना शिकवायचं, एवढंच बाकी होतं. तिने प्रत्येक संघात एक कच्चा लिंबू घातला. त्याला चेंडू लागला तरी तो बाद नाही. पण त्याच्यावरचा चेंडू चुकवायचा, तोही त्याला कळणार नाही असा, हे बाहुल्यांना सांगायचं कसं? बाहुल्यांना जिंकणं तेवढं कळतं. चुकवण्याबद्दल गुण दिले तर ते दिवसभर चुकवतच बसले, खेळ राहिला बाजूला. गुण काढले तर एकानेही चुकवलं नाही. मध्यावर कुठे काही सापडेना. दोन दिवस ती झटली, मग तिने नाद सोडला आणि नुसता बाद न होण्याचा नियम ठेवून बाहुल्यांना खेळायला सोडून दिलं.

शुक्रवारी सकाळी गुंता अठ्ठावन्न आला होता.

तिने खेळ लावून पाहिला. कच्च्या लिंबाला चेंडू लागून काही होत नाही, हे बाहुल्यांना लवकरच कळलं होतं. ते त्याला पुढे उभा करून त्याच्या पाठीआड बसून दगड रचत होते. मग समोरच्यांनी त्याच्या अंगावरून चेंडू उडवून मागच्याला मारायची युक्ती शोधली. मग यांनी त्याला तिरका उभा करायला सुरुवात केली. मग त्यांनी आधी त्याच्या पायांवर मारून त्याला हलवायला. पायरीवर पायरी, पायरीवर पायरी. आणि कच्चा लिंबू बदलून परका बाहुला घातला की सगळा संघ ढेपाळत होता. इतका तो महत्त्वाचा झालेला. आकड्यात खोट नव्हती.

केतकी त्या मधल्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिला दाराच्या कडीला लटकलेला शिरू आठवला. बाहुले ते बाहुले, पोरं ती पोरं, असं तिने मनाशी म्हटलं. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध? तिने आकडा पाठवून दिला आणि दुपारी कितीतरी महिन्यांनी गाढ झोपली.

मैदान वाचलं. शेवंताबाईंनी गल्लीत पेढे वाटले. पावसाळा सरता सरता छताचे खांब उभे राहिले. मंडळाच्या यादीत अठ्ठावन्न गुंत्याचा हा खेळ पाहून रणदिव्यांना तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत लगोरीचे सामने लावले, नियमांची नवी पुस्तिका काढली आणि तिच्यात छापलं की प्रत्येक संघात एक 'मुक्त खेळाडू' असेल, त्यास चेंडू लागल्यास तो बाद नाही. चुनाभट्टीच्या पोरांना शिकवायला एक सर आले. त्यांच्याजवळ बाहुल्यांच्या उत्तम डावांचं चित्रण होतं. मंडळच ते सगळ्यांना पाठवत असे. आणि चेंडूही बदलला. जुना कापडी गेला, टणक रबरी आला.

"ताई!" शिरू एका संध्याकाळी धावत आला. "मला पहिलं मागितलं!"

"काय मागितलं?"

"मला! भिडू मागताना! मनवा म्हणाली, मला शिरूमामा पाहिजे. दुसरा म्हणाला, नाही, आम्हाला शिरूमामा. भांडली दोघं. माझ्यावरून!"

शिरूला त्याच्या उभ्या आयुष्यात कुणी पहिलं मागितलं नव्हतं. भिडू वाटून झाल्यावर जो उरतो तो शिरू. केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रात्री तिने शिरा केला आणि त्याने तीनदा मागून घेतला.

मग थंडी पडली. एका रविवारी अंघोळीआधी ती त्याच्या पाठीला तेल लावायला बसली. शिरूने सदरा काढला आणि तिचा हात थांबला. पाठभर गोल गोल डाग होते. काही काळेनिळे, काही पिवळट होत चाललेले. मांड्यांच्या मागेही होते.

"शिरू, कुणी मारलं तुला?"

"कुणी नाही. चेंडू लागतो."

"एवढा?"

"मी ढाल आहे ना," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "सर म्हणाले, शिरू आपली ढाल. मी हलायचं नाही. हललो तर मागचे बाद होतात. मी हलत नाही, ताई. लागलं तरी हलत नाही."

"आणि शेवटचा दगड?"

"तो आता मनवा लावते. माझा हात हळू चालतो." त्याने काढलेला सदरा मांडीवर ओढला. मग म्हणाला, "पण मला पहिलं मागतात."

केतकी तडक मनवाच्या दारात गेली. पोरगी भाजीच्या जुड्या बांधत होती. केतकीने विचारलं तशी तिने मान खाली घातली.

"सर म्हंत्यात, मामाला लागलं तरी चालतंय, त्यो काय बाद हुईत न्हाई. पयल्यांदा मारताना कसंतरीच वाटलं, मावशी. मग सवय झाली." ती जुडीचा दोरा नुसताच ओढत बसली. "आता चुकवाय गेलं तर यीतबी न्हाई नीट."

केतकीला तिच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडण्यासारखं त्या पोरीने काही केलं नव्हतं. ती शिकवलेलं शिकली होती.

सोमवारी रणदिवे पडद्यावर आले तेच मुळी टाळ्या वाजवत. "ताई, अभिनंदन! तुमचं मॉडेल किती अचूक निघालं माहितीये? सुरुवातीला खऱ्या पोरांचा खेळ आणि बाहुल्यांचा खेळ कुठेच जुळत नव्हता. आता बघा, तंतोतंत! चुनाभट्टीचा संघ तर डोळे मिटून ओळखावा."

"पोरं बाहुल्यांसारखी खेळायला लागलीयत, रणदिवे. त्यात माझं मॉडेल कसलं अचूक?"

"तेच ते, ताई."

"तो नियम काढा. बाद न होण्याचा."

रणदिव्यांचं हसू जरा लांबलं. "काढला तर गुंता परत सतरावर येईल."

"माहीत आहे."

"मैदान जाईल. बॅटरीघरवाले टपूनच बसलेत. तुमच्या भावाचं मैदान तुम्ही स्वतःच्या हाताने घालवणार?"

"हो."

"कारण काय लिहू?"

"मोजणीत चूक होती म्हणून लिहा."

"कुठली चूक? आकडा तर शंभर टक्के बरोबर आहे."

केतकी खुर्चीत मागे टेकली. बोलायचाही कंटाळा आला होता, पण हे एकदा बोलून टाकायला हवं होतं. "बाहुल्यांना मुद्दाम चुकता येत नाही. पोरांना यायचं. मी ते मोजलं नाही, मला ते मोजताच आलं नाही. आणि जे मोजता आलं ते मी तुम्हाला पाठवलं, कारण मला मैदान हवं होतं. एवढं सगळं लिहा हवं तर."

रणदिव्यांनी बहुधा नुसतं 'तांत्रिक चूक' असं लिहिलं. आठवड्याभरात सरांना दुसऱ्या गावी पाठवलं गेलं. छताचं काम थांबलं. खांब उभे राहिले, वर आभाळ तसंच. उन्हाळ्याआधी जागा बॅटरीघराला द्यायची असा फलक लागला.

शिरूला तिने स्वतः सांगितलं. त्याने ऐकवलं तोवर ऐकलं, मग तो ताटाला लाथ मारून उठला.

"तू केलंस! मला पहिलं मागत होते. तू घालवलंस!"

"शिरू, तुला लागत होतं रे."

"लागू दे! तुला काय करायचंय? तुला कुणी मागतंय का?"

ती सांडलेला भात गोळा करत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिने शिरूसाठी काहीतरी स्वतःच्या मनाने ठरवलं होतं, आणि ते बरोबर होतं की नाही, हे सांगणारं एकही यंत्र नव्हतं. दोन्हीकडून त्याचंच काहीतरी जात होतं. तो चार दिवस तिच्याशी बोलला नाही. जेवायचा, मैदानावर जायचा, यायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ती त्याच्या मागोमाग गेली. रिकाम्या खांबांच्या मध्ये सात-आठच पोरं होती. बाकीची दुसरीकडच्या छताखाली खेळायला गेली होती. चेंडू पुन्हा कापडी होता, मनवाने आजीच्या जुन्या लुगड्याचा शिवलेला. भिडू वाटायला गेले तर एका बाजूला एक कमी पडला.

"मावशी, येता का?" मनवाने पारावर बसलेल्या केतकीला विचारलं.

"मी? माझे गुडघे बघ."

"चालतंय की. या."

केतकीने पदर खोचला. तिला मनवाने आपल्याकडे घेतलं. शिरू समोरच्या संघात होता, अजून तिच्याकडे न बघणारा. डाव सुरू झाला. मनवाने पहिल्याच फेकीत उतरंड पाडली. मग पोरं पळाली, केतकी आपली फरफटत इकडून तिकडे. पाच दगड चढले, सहा चढले. मनवा बाद झाली, दुसरा बाद झाला, आणि केतकीच्या ध्यानात आलं की सातवा दगड तिच्याच हातात आहे.

"मार मामा, मार!" पोरं ओरडली. चेंडू शिरूकडे आला होता.

ती उतरंडीशी वाकली. गुडघ्यातून कळ आली. पाठ पूर्ण उघडी होती आणि शिरू पाच पावलांवर होता. एका दगडात कैरी पाडणारा शिरू. मार, ती मनात म्हणाली, तुझा हक्कच आहे. तिने डोळे मिटले.

चेंडू तिच्या खांद्यापासून वीतभर लांबून गेला आणि खांबावर आपटला.

केतकीने मान वळवून पाहिलं. शिरू दोन्ही हात पाठीमागे घेऊन दुसरीकडेच बघत होता.

"मुद्दाम चुकवलंस, शिरू?"

"नाही गं, ताई," तो म्हणाला. "वारं होतं."

तिने वर वडाकडे पाहिलं. एक पान हलत नव्हतं.

"असेल," केतकी म्हणाली, आणि तिने शेवटचा दगड ठेवला.